सव्वादोन वर्षांचा झाला, अजून बोलत नाही

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. बसणं, चालणं, पळणं सगळं वेळेवर झालं, पण बोलत नाही. आई, मंमं, हम्मा, भुर्र आणि पाण्याला 'नी' एवढंच येतं. काही हवं असेल तर माझं बोट धरून ओढत नेतो. पाठीमागून हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. मोबाईलवर गाणं लागलं की मात्र आतल्या खोलीतून पळत येतो. पावसाळाभर सर्दी होती, झोपेत तोंड उघडं असतं. सासूबाई म्हणतात, त्याचा बापसुद्धा साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. माझं माहेर चिक्कोडीचं, मी मुलाशी कन्नडही बोलते. त्यानं तो गोंधळतो, असंही त्यांचं म्हणणं. शेजारच्या काकू म्हणतात जिभेखालची शीर कापून घ्या, कुणी वेखंड उगाळून लावायला सांगतं. गावातले डॉक्टर म्हणाले, तीन वर्षांपर्यंत वाट बघा. मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला जातात. थेरपीला नेलं की गावभर चर्चा होईल, पोराला शिक्का बसेल, असं त्यांना वाटतं. मोबाईल दिल्याशिवाय तो घास घेत नाही. हे सगळं माझ्यामुळं झालं का? मी काय करू?
– एक आई, कागल तालुका

उत्तर : ताई, तीन वर्षांपर्यंत थांबू नका. या आठवड्यात त्याच्या कानांची तपासणी ठरवा, आणि जमलं तर त्याच फेरीत स्पीच थेरपिस्टची वेळ घ्या. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं पुढं देते, पण ती वाचून होईपर्यंतही हे काम मागे पडू देऊ नका.

सासूबाई सांगतात ते खोटं नाही. उशिरा बोलायला लागून पुढं घडाघडा बोलणारी मुलं असतात आणि ती पुष्कळ असतात. अडचण अशी की दोन वर्षांच्या वयात न बोलणारी दोन मुलं समोर बसवली, तर त्यातलं कुठलं आपोआप सुटेल आणि कुठलं अडकून राहील हे खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. अंदाज बांधायला काही खुणा असतात. बोलण्याबरोबर समजही कमी असणं, हाताच्या खुणा कमी असणं, कानाची दुखणी वारंवार होणं, वेळेआधी जन्म, आणि घरात आधी कुणी उशिरा बोललेलं असणं. ही शेवटची खूण नीट बघा. वडील उशिरा बोलले ही गोष्ट घरात धीर द्यायला सांगतात. आम्ही स्पीच थेरपिस्ट मात्र केसपेपरवर ती जोखमीच्या बाजूला लिहितो, कारण बोलण्यातला उशीर घराण्यात चालत येतो. शिवाय वडील साडेतीनला बोलले एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याआधीची दीड-दोन वर्षं त्या लेकराची किती चिडचिड झाली, पुढं शाळेत वाचायला-लिहायला किती झगडावं लागलं, हे कुणी विचारलेलं नसतं. मिस्टरांना एकदा शांतपणे विचारून बघा. त्यांना आठवत असेल.

आता माप. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नास शब्द असावेत आणि त्यानं 'आई ये', 'अजून दूध' असे दोन शब्द जोडावेत, ही आमच्याकडची जुनी खूणगाठ आहे. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं २०२२ साली आपला तक्ता बदलला. चारातल्या किमान तीन मुलांना जे जमतं तेच त्या-त्या वयापुढं लिहायचं असं ठरवलं, म्हणून पन्नास शब्द तिथं अडीच वर्षांपुढं गेले. दोन शब्द जोडणं मात्र त्या तक्त्यातही दोन वर्षांपुढंच आहे. म्हणजे कुठलंही माप लावा, तुमचा मुलगा मागं आहे. तुमच्याकडचं लसीकरणाचं माता-बाल कार्ड उघडून बघा. वाढीचे आणि बोलण्याचे टप्पे त्यातही चित्रांसकट छापलेले असतात. आपण त्यातलं फक्त लसीचं पान बघतो. 'मुलगे उशिराच बोलतात' हे कुणी ऐकवलं तर तेही मनावर घेऊ नका. मुलगा-मुलगीत सरासरीनं थोडासा फरक पडतो, पण दोन वर्षांच्या मुलाकडे पाच-सहाच शब्द असण्याचा खुलासा त्यानं होत नाही.

शब्द मोजताना हात आखडता मात्र घेऊ नका. हम्मा, भुर्र, काऊ, बाऊ हे सगळे शब्दच आहेत. मूल एकाच गोष्टीला दर वेळी तोच आवाज काढत असेल तर तो शब्द धरायचा, उच्चार कसाही असो. तुमच्या पत्रातला 'नी' मला फार आवडला. तो कन्नडातल्या 'नीरु'वरून आलेला दिसतो. घरात कुणी तो मोजत नसेल तर मोजा. एक वही करा, त्यात त्याचे सगळे शब्द लिहा, मराठी-कन्नड एकत्र. थेरपिस्टला ही वही फार उपयोगी पडते.

कन्नडचा विषय निघालाच आहे तर तो इथंच संपवते. दोन भाषा कानावर पडल्यामुळं मूल बोलायला मागं पडत नाही. कागल, गडहिंग्लज, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या मुलं दोन्ही भाषा बोलत मोठी झाली आहेत. ज्याला मुळात अडचण आहे त्याला ती दोन्ही भाषांत असते, आणि एक भाषा काढून घेतली म्हणून दुसरी लवकर येत नाही. उलट ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, गाणी म्हणता येतात, ती बंद केली की तुमचं त्याच्याशी बोलणंच कमी होतं. कन्नड बोलत राहा.

आता कान. पत्रातल्या तीन गोष्टी वाचून मला आधी कानच आठवले: हाकेला कधी वळतो कधी नाही, पावसाळाभर सर्दी, आणि झोपेत उघडं तोंड. लहान मुलांना सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागं पाणी साठू शकतं. कान दुखत नाही, वाहत नाही, ताप येत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. मूल पूर्ण बहिरं नसतं. त्याला कुकरची शिट्टी ऐकू येते, दारातला कुत्रा ऐकू येतो, मोबाईलवरचं गाणं तर येतंच. पण माणसाचं बोलणं त्याच्यापर्यंत पुसट पोचतं. 'स', 'श', 'त', 'फ' असे हलके आवाज गळून जातात. आज बरं ऐकू आलं, पुढच्या सर्दीत पुन्हा कमी झालं, असं चढउताराचंही असतं. ज्या वयात रोज नवे शब्द उचलायचे त्याच वयात हे झालं तर बोलणं मागं पडू शकतं. नाकामागची अ‍ॅडेनॉइड नावाची गाठ वाढलेली असली तरी मूल तोंड उघडं ठेवून, घोरत झोपतं, आणि कानात पाणी राहण्यालाही ती कारण होऊ शकते.

म्हणून मागून टाळी वाजवून, ताट पाडून घरी केलेली परीक्षा पुरत नाही. ताट पडल्याचा आवाज कमी ऐकणाऱ्या मुलालाही येतो. तपासण्या अशा असतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी कानात बघतील. मग टिंपॅनोमेट्री, म्हणजे पडदा नीट हलतो का, मागं पाणी आहे का, हे बघणारी अगदी थोडा वेळ चालणारी तपासणी. ओएई ही आतल्या कानाची तपासणी, ती झोपेत किंवा मूल शांत बसलेलं असताना होते. गरज वाटली तर बेरा. त्यात कपाळाला आणि कानामागं छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टिकटिक आवाज सोडतात आणि तो मेंदूकडे पोचतो का ते कॉम्प्युटरवर उमटतं. दुखत काहीच नाही, पण मूल गाढ झोपलेलं लागतं, आणि तिथंच बऱ्याच आयांची फेरी फुकट जाते. आदल्या रात्री त्याला जरा उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा. येताना एसटीत डुलकी लागू देऊ नका, त्याच्याशी बोलत राहा, खिडकीतून दाखवत राहा. त्या दिवशी डोक्याला, कपाळाला, कानामागं तेल लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. पोटभर खायला कधी घालायचं ते आधी विचारून घ्या, कारण झोपेचं औषध द्यावं लागलं तर उपाशीपोटी आणा असं सांगतात. त्याची रोजची गोधडी बरोबर घ्या. झोपेचं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं, घरून पाजून आणायचं नाही.

कानात पाणी निघालं तर घाबरायचं कारण नाही. बऱ्याच मुलांचं ते दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. डॉक्टर पुन्हा तपासायला बोलावतील. ती तारीख चुकवू नका. राहिलंच तर त्यावर इलाज आहेत. नसेचा दोष निघाला तर श्रवणयंत्र लागेल. त्यासाठी केंद्र सरकारची एडीप योजना आहे, आणि मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामाला वाहिलेली आहे. पण ते पुढचं. आधी रिपोर्ट हातात येऊ दे.

कानाइतकीच दुसरी गोष्ट मला बघायची आहे, ती म्हणजे त्याची समज आणि बोट दाखवणं. पत्रात त्याबद्दल कमी आहे म्हणून विचारते. रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली, वरून विमान गेलं, तर तो बोट दाखवून आधी तिकडं आणि मग तुमच्या तोंडाकडं बघतो का? 'बघितलंस का?' असं डोळ्यांनी विचारतो का? मागण्यासाठी बोट दाखवणं वेगळं आणि नुसतं दाखवण्यासाठी दाखवणं वेगळं. हे दुसरं साधारण वर्षा-सव्वावर्षाच्या सुमारास दिसायला लागतं. तो तुमचं बोट धरून ओढत नेतो असं लिहिलंत. मुलं तसं करतात, पण तो फक्त तेवढंच करत असेल, तुमच्या चेहऱ्याकडं न बघता हाताला धरून काम करून घेत असेल, तर ते तपासणाऱ्याला आवर्जून सांगा. तसंच समज बघताना एक काळजी घ्या. आपण 'चप्पल आण' म्हणतो तेव्हा नकळत चपलेकडं मान वळवतो, हात करतो, आणि पोराला सगळं कळतं असं वाटतं. हात मांडीवर ठेवून, नजर त्याच्यावरच ठेवून सांगा. 'आजीला वाटी दे.' जमतं का बघा. दोन-चार दिवस वेगवेगळ्या वस्तूंवर करून बघा आणि वहीत लिहा.

बालरोगतज्ज्ञ एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी विचारतील. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी ती असते, म्हणजे तुमचा मुलगा अजून त्या वयात बसतो. ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, शक्यता तपासायची ती चाळणी आहे. त्यात काही निघालं म्हणजे निदान झालं असं नाही, पुढं नीट तपासायचं एवढंच. उत्तरं देताना मुलाला पास करायचा प्रयत्न करू नका. आहे तसं सांगा. आणि एक गोष्ट कुठल्याही घरानं लक्षात ठेवावी: येत असलेले शब्द बंद झाले, हसणं-बघणं कमी झालं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठायचा.

जिभेखालची शीर कापू नका. ती खरंच आखूड असेल तर फार तर काही उच्चारांवर, तान्हेपणी दूध ओढण्यावर परिणाम होतो. शब्दच न येण्याचं ते कारण नसतं. वेखंड तर अजिबात नको. त्यातलं बीटा-अ‍ॅसारोन हे द्रव्य विषारी आहे, आणि उगाळून किती पोटात गेलं याला घरात काही माप नसतं. सासूबाईंनी किंवा काकूंनी सुचवलं ते मायेपोटीच, त्यामुळं भांडण न करता 'मॅडमनी नको म्हटलंय' असं माझ्या नावावर ढकला.

आता मोबाईल आणि तुमचा तो शेवटचा प्रश्न. तुमच्यामुळं झालं का? नाही. दिवसभर घरात एकटी बाई, स्वयंपाक, धुणं, सासू-सासऱ्यांचं बघणं, आणि पोरगं घास घेत नाही म्हणून तिनं मोबाईल समोर धरला, यात तुमच्या जागी कुणीही असतं तर तेच केलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मोबाईलनं 'व्हर्च्युअल ऑटिझम' होतो असं काहीबाही फिरतं. ते मान्यता असलेलं निदान नाही. मोबाईलचं नुकसान वेगळ्या वाटेनं होतं. मोबाईल चालू असताना मूल बोलत नाही आणि मोठं माणूसही बोलत नाही. जेवणाचा अर्धा-पाऊण तास, दिवसातून तीन वेळा, असं धरलं तर बोलण्याचे किती प्रसंग त्यात जातात बघा. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की दोन वर्षांपर्यंत नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडून काहीच नको, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठं माणूस शेजारी बसून.

एकदम तिन्ही जेवणं बदलू नका. ज्या वेळी घरात जास्त माणसं असतात ते एक जेवण निवडा, बहुतेक रात्रीचं. सगळ्यांनी खाली एकत्र बसा, त्याचं छोटं ताट वेगळं, त्याला हातानं खाऊ दे, सांडू दे. पहिले दोन-तीन दिवस रडेल, कमी खाईल. धडधाकट मूल एका जेवणाला कमी खाल्ल्यानं वाळत नाही. मोठ्यांचे मोबाईलही त्या वेळी दुसऱ्या खोलीत, हे मिस्टरांनाही सांगा. ते जेवण बसलं की दुसरं.

घरी काय करायचं, हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. आठवड्यातून एक-दोनदा थेरपीला गेलात तरी तिथला वेळ थोडा, आणि मूल बोलायला शिकतं ते उरलेल्या सगळ्या वेळात. त्यासाठी वेगळी खेळणी, फ्लॅशकार्ड, चार्ट काही आणू नका.

तो तुम्हाला बोटाला धरून पाण्याच्या पिंपाकडं नेतो असं समजा. आता काय होतं? तुम्ही ओळखता, पटकन पेला भरून देता, कामाला लागता. एक शब्दही लागला नाही. त्याऐवजी पेला हातात घेऊन त्याच्या उंचीला खाली बसा. म्हणा, 'पाणी.' आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार लांब वाटतात, जीभ वळवळते, पण त्या मुलाला तेवढा वेळ लागतो. तो तुमच्या तोंडाकडं बघेल, हात पुढं करेल, किंवा 'नी' म्हणेल. यातलं काहीही केलं की लगेच द्या. 'पाणी! पाणी दे.' घोटभरच द्या. संपलं की तो पुन्हा पेला पुढं करेल. 'अजून पाणी.' पुन्हा थांबा. एका पेल्यात पाच-सहा वेळा बोलणं झालं. फक्त 'म्हण, तरच देईन' असं कधी करू नका. तहानलेल्या मुलाला रडवून काढलेला शब्द टिकत नाही, आणि पुढच्या वेळी ते तुमच्याकडं यायचंच बंद होतं.

दुसरं, प्रश्न कमी करा. 'हे काय? हा कोण? म्हण बघू मामा, म्हण ना' असं पाहुण्यांसमोर दिवसभर चालतं. ज्याला बोलता येत नाही त्याची ती रोजची तोंडी परीक्षा होते. विचारण्याऐवजी सांगा. तो ज्याच्याकडं बघतोय त्याच्याबद्दल बोला, तुम्हाला जे शिकवायचंय त्याच्याबद्दल नको. तो भाकरीच्या पिठात बोट घालतोय तर 'पीठ. मऊ पीठ. थाप थाप.' त्याला एक गोळा द्या. आंघोळीला 'पाणी ओतू? डोक्यावर पाणी. संपलं पाणी.' मेथी निवडताना 'पान. अजून पान. टाक.' वाक्यं छोटी, हळू, तेच ते शब्द पुन्हा पुन्हा. त्याच्याकडं एक शब्द असेल तर तुम्ही दोन वापरा. तो 'हम्मा' म्हणाला, तुम्ही 'हम्मा आली', 'मोठी हम्मा'. तो 'भुर्र' म्हणाला, तुम्ही 'बाबा भुर्र'. चुकीचा उच्चार सुधारायला जाऊ नका, बरोबर शब्द आपल्या तोंडून परत ऐकवा, बस.

सासूबाईंना यात ओढून घ्या. त्यांना जी बडबडगीतं येतात ती तुम्हाला आणि मला मिळून येणार नाहीत. मांडीवर घेऊन, टाळ्या वाजवत, रोज तेच गाणं म्हणायला सांगा, आणि आठवडाभरानं ओळीचा शेवटचा शब्द सोडून त्याच्याकडं बघत थांबायला सांगा. तो जागा भरायला बघतो, आधी हातानं, मग आवाजानं. थेरपीच्या खोलीतही आम्ही वेगळं काही करत नाही. आजीला एकदा हे दिसलं की 'बापही उशिरा बोलला होता' हे बोलणं आपोआप कमी होतं, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आता कुठं जायचं ते. अंगणवाडीताईंना उद्याच सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं, पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. २०१३ पासून हा कार्यक्रम आहे आणि बोलण्यातला, ऐकण्यातला उशीर त्यात थेट बसतो. पथकाची चिठ्ठी मिळाली तर पुढची तपासणी आणि उपचार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून मोफत होतात. हे केंद्र डीईआयसी नावानं ओळखतात. बालरोगतज्ज्ञ, कान तपासणारे, स्पीच थेरपिस्ट, मानसतज्ज्ञ अशी सगळी मंडळी एका जागी असावीत, हीच त्यामागची कल्पना. तिथं आज कोण आहे, कुठल्या वारी आहे, हे पथकातल्या डॉक्टरांना विचारूनच निघा. पथक येऊन गेलं असेल तर पुढच्या फेरीची वाट न बघता सरळ कोल्हापूरला सीपीआरमध्ये, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, केसपेपर काढा आणि कान-नाक-घसा व बालरोग या दोन्ही विभागांत दाखवा.

खासगी थेरपिस्टकडं जाणार असाल तर एक गोष्ट विचारायला लाजू नका: 'तुमचा आरसीआय नंबर?' भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं, १९९२ च्या कायद्याप्रमाणं नोंदणी असल्याशिवाय हे काम करता येत नाही. बीएएसएलपी ही आमची पदवी. आणि तुम्हाला बाहेर बाकावर बसवून मुलाला आत नेणारी, तासाभरानं 'छान केलं आज' म्हणून परत देणारी थेरपी या वयाला उपयोगाची नाही. आत बसू द्या म्हणा. या आठवड्यात घरी काय करायचं ते प्रत्येक वेळी विचारून घ्या. 'तीन महिन्यांत बोलतं करतो, गॅरंटी' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

मिस्टरांच्या शिक्क्याच्या भीतीबद्दल. थेरपी सुरू करायला कुठलाही दाखला, कुठलंही कार्ड लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषेचं दिव्यांगत्व आहे, पण ते कायमस्वरूपी बाधेसाठी. उशिरा बोलणाऱ्या सव्वादोन वर्षांच्या मुलाचा आज त्याच्याशी संबंध नाही. आणि गाव बोलायचं ते तसंही बोलेल. तीन वर्षांचं मूल बालवाडीत शब्द नाहीत म्हणून ढकलतं, चावतं, तेव्हा 'हट्टी आहे, वळण नाही' असं जे लोक म्हणतात, तो शिक्का पुसायला जास्त जड जातो. हे त्यांना तुम्ही एकट्यानं पटवण्यापेक्षा तपासणीलाच बरोबर आणा. ज्या आठवड्यात त्यांची दुसरी शिफ्ट असेल त्या आठवड्यातली सकाळ धरा, ओपीडी सकाळीच असते. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बाप माणसाचं मन लवकर तयार होतं. त्यांच्या लहानपणाची माहितीही तेच नीट देतील.

पहिल्या एक-दोन महिन्यांत शब्दांची वही फारशी भरली नाही तरी धीर सोडू नका. आधी तो जास्त वेळ तुमच्याकडं बघायला लागतो, खुणा वाढतात, नुसताच आवाज काढून बोलल्यासारखं करतो, आणि शब्द त्यामागून येतात. म्हणून वहीत खुणाही लिहा, तारखेसकट.

आणि कानाचा रिपोर्ट चांगला आला तर 'काही नाही म्हणाले' असं म्हणून तिथून घरी परतू नका. कान चांगले असणं ही आनंदाचीच गोष्ट, पण मग बोलणं का थांबलंय हे बघायचं राहतंच, आणि स्पीच थेरपिस्टची वेळ ठरली होती ती तशीच ठेवायची.